डाव्या खांद्यातला कापूस

"सरळ बस!" अशी आरोळी रिंगणातून उठली की कुंपणापलीकडून सायकलवर चाललेली माणसंसुद्धा दचकून पाठ ताठ करायची. घोडेस्वारीच्या त्या शाळेत शिकवणाऱ्या बाई वर्षानुवर्षं हेच दोन शब्द ओरडत आल्या होत्या. शिकायला लहान पोर येवो, कॉलेजातला तरुण येवो नाहीतर निवृत्त न्यायाधीश येवोत, बाईंच्या लेखी सगळे सारखेच वाकडे. "अहो न्यायाधीश, पोतं ठेवलंय का घोड्यावर? सरळ बसा!" न्यायाधीश बिचारे निमूटपणे सरळ बसायचे. तोंडावर सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'सरळबाई'. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाई अंगाने काटक, आवाजाने खणखणीत, आणि अंगात बाराही महिने नवऱ्याने शिवलेला खाकी कोट. नवरा टेलर. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान होतं. कापायचं लांबलचक टेबल, शिलाईची दोन मशिनं, कोळशाच्या काळातली जड इस्त्री आणि भिंतीला टेकून उभा केलेला पुरुषभर उंचीचा आरसा. खिडकीपाशी त्यांची बहीण, म्हणजे बाईंची नणंद, काजं करत बसायची, आणि सुईच्या जोडीने तिचं तोंडही चालायचं. टेलरकाका मात्र अबोल. टाचण्या तोंडात धरून धरून दादाची बोलायची सवयच मोडली, असं नणंद म्हणायची. पण त्यांच्या हातचा कोट बाईंच्या अंगावर असा बसायचा की बघतच राहावं. कुठे घडी नाही, चुणी नाही, दोन्ही खांदे पट्टीने आखल्यासारखे. बाई रोज सकाळी आरशात बघायच्या, स्वतःवर खूश व्हायच्या आणि जगाला सरळ करायला निघायच्या.

तर अशा या बाईंच्या शाळेत एक नवी घोडी आली. बदामी रंगाची, उंचनिंच, डोळ्यांत हुशारी आणि प्रत्येक गोष्टीला हरकत. पाण्याची बादली उजवीकडे ठेवली तर डावीकडे का नाही, असं तोंड करायची. खरारा करायला आलेल्या मोतद्दाराचं तिने पहिल्याच आठवड्यात डोकं उठवलं, तेव्हा त्याने तिचं नाव ठेवलं वकीलीण. शाळेच्या मालकांनी कागदोपत्री भारदस्त असं काहीतरी नाव लिहिलं होतं, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आजवर मालक दुसरीकडे वापरून झालेले, वयस्कर, शिकूनसवरून तयार झालेले घोडेच विकत घ्यायचे. ही मात्र कोरी पाटी होती. घोडा पहिल्यापासून आपल्या हाताने घडवावा ही बाईंची कधीची इच्छा, आणि आता उतारवयात ती पुरी होत होती. वकीलीण त्यांची पहिली आणि बहुधा शेवटचीच. त्यामुळे बाईंचा तिच्यावर असा जीव जडला की घरी जेवतानाही तिचंच पुराण. "तुझी सवत आहे ती," असं नणंद दादाला म्हणायची.

वकीलीण चालायची छान, दुडकायची छान. घोडं पेंड खात होतं ते कँटरपाशी. आता घोड्यावर कधी न बसलेल्यांसाठी सांगतो. कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची, भरधाव धावण्याच्या अलीकडची डौलदार चाल. या चालीत पुढच्या दोन पायांपैकी एक पाय दरवेळी दुसऱ्याच्या पुढे पडतो. घोडा डावीकडे गोल फिरत असेल तर डावा पाय पुढे हवा, उजवीकडे फिरत असेल तर उजवा. मग वळणावर तो लोण्यासारखा वळतो. उलटा पाय पुढे पडला तर वळण आलं की सगळं शरीर आडवंतिडवं होतं, घोडा अडखळतो आणि वरचा माणूस देवाचं नाव घेतो.

वकीलीण उजवीकडे अगदी नीट जायची. डावीकडे वळवून बाईंनी कँटर मागितला की पट्ठी पुन्हा उजवाच पाय पुढे टाकायची. एकदा नाही, दोनदा नाही, दरवेळी! बाईंनी हरतऱ्हा करून पाहिली. कोपऱ्यात नेमक्या वळणावर मागून पाहिला. जमिनीवर बांबू आडवा टाकून त्याच्यावरून नेताना मागून पाहिला. लहान गोल काढले, मोठे गोल काढले, लाडीगोडी लावली, कानउघाडणी केली. वकीलीण कान मागे घेऊन ऐकून घ्यायची आणि उजवा पाय पुढे टाकायची.

"बाई, एक बोलू?" मोतद्दार एकदा म्हणाला. "लांब दोरीला धरून रिकामी फिरवली की ती डावीकडे डाव्याच पायावर जातेय. मी बघितलंय."

"रिकामं असताना सगळेच शहाणे असतात," बाई म्हणाल्या. "माणूस वर बसल्यावर खरं कळतं." हे वाक्य त्यांनी किती बरोबर म्हटलं होतं ते त्यांना नंतर कळलं.

शेवटी मालक रिंगणावर आले. हे मालक म्हणजे भला माणूस, पण शाळा वडिलांकडून आलेली आणि घोड्यांची भीती जन्मापासूनची. कुंपणाच्या बाहेर उभं राहूनच ते सगळा कारभार करायचे. "बाई, परवा त्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः घसरता घसरता वाचलात. उद्या हिच्यावर पोरं कशी बसवणार? बग्गीवाला मागतोय तिला. सरळ रस्त्यावर बग्गी ओढायची, कुठला पाय पुढे ते कोण विचारतंय?"

वकिलिणीने गळ्यात पट्टा अडकवून दिवसभर डांबरी रस्त्यावर टकटक करायचं? "मला थोडी मुदत द्या," त्या म्हणाल्या. बाईंनी कुणापुढे तोंड वेंगाडलेलं मालकांनी कधी पाहिलं नव्हतं. ते विरघळले. महिनाअखेरच्या रविवारी बाईंनी घोडी स्वतः फिरवून दाखवायची, बग्गीवालाही येईल, डाव्या वळणावर डावा पाय पडला तर घोडी राहील, नाहीतर त्याच दिवशी जाईल, असं ठरलं.

त्यानंतर एका गार वाऱ्याच्या सकाळी ती गंमत घडली. शिकायला येणाऱ्यांत एक दातांची डॉक्टरीण होती. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांना "आ करा" म्हणणारी ही घोड्यावर बसली की स्वतःचे दात घट्ट आवळून धरायची. पण बसायची चांगली. बाईंनी विचार केला, आपण वर बसलो की घोडीचे पाय दिसत नाहीत. एकदा दुसऱ्याला बसवून खालून नीट बघू या. डॉक्टरीण पातळ सदऱ्यात कुडकुडत होती, म्हणून बाईंनी आपला कोट काढून तिच्या अंगात घातला.

ती वकिलिणीवर बसली आणि बाईंनी डोळे चोळले. डॉक्टरणीचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला वर! जणू काखेत कलिंगड धरलंय.

"अगं सरळ बस! डावा खांदा खाली!"

"सरळच बसलेय, बाई."

"मला शिकवतेस? खांदा बघ तो! कानात सांगायला चाललाय!"

कुंपणापाशी उभे असलेले सगळे हसले, न्यायाधीश तर जरा जास्तच हसले. डॉक्टरीण रडकुंडीला आली. तशाच अवस्थेत तिने डावीकडच्या वळणावर कँटर मागितला आणि वकीलीण डाव्या पायावर निघाली. सुरेख, लोण्यासारखी. मोतद्दाराच्या हातातली बादली कलंडली.

आता इथे दुसरं कुणी असतं तर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण बाईंचं डोकं त्या दिवशी भलतीकडेच धावलं. त्यांना वाटलं, या घोडीला डावा खांदा वर केलेला लागतो! विक्षिप्तच आहे, असेल तिची काही खोड. त्यांनी कोट परत अंगात घातला, घोडीवर बसल्या आणि डावा खांदा कानाला भिडेपर्यंत उचलला. असं सोंग करून जगातली सगळ्यात सरळ बाई रिंगणभर फिरली, आणि वकीलीण शांतपणे उजव्या पायावर धावली. न्यायाधीशांनी रुमाल तोंडात कोंबला.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या फणफणतच. दुकानात शिरून त्यांनी कोट कापायच्या टेबलावर आपटला.

"हे काय शिवलंय हो तुम्ही? डॉक्टरणीच्या अंगात घातला तर ती खुंटीला एका बाजूने टांगल्यासारखी दिसत होती. चांगली सरळ पोरगी, लोकांत हसं झालं तिचं!"

टेलरकाकांच्या तोंडात टाचण्या होत्या. बायकोला उत्तर द्यायचं तर ते एरवी टाचण्या काढायचे. आज काढल्या नाहीत. खिडकीपाशी नणंदेची सुई थांबली.

"दादा," ती म्हणाली, "सांगून टाक आता."

"काय सांगून टाक?" बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

टेलरकाकांनी एकेक टाचणी काढून सुयाटाचण्यांच्या गादीत टोचली. मग बारीक कात्री घेऊन कोटाच्या डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं आणि आतून कापूस काढायला लागले. एक थर निघाला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली आणखी. टेबलावर छोटीशी उशी भरेल एवढा ढीग झाला. उजव्या खांद्यात नावापुरती एक घडी होती. मग त्यांनी तोच कोट बाईंच्या अंगात घातला आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. डावा खांदा खाली आला, डाव्या बगलेपासून कमरेपर्यंत एक भलीमोठी चुणी पडली.

"मी वाकडी आहे?" बाईंचा आवाज एवढासा झाला.

"वहिनी, अख्ख्या घराला माहीत आहे," नणंद म्हणाली. "लग्नाआधी घोड्यावरून पडलात ना डाव्या कुशीवर, तेव्हापासून तुम्ही ती बाजू आखडून, जपून बसता. सगळा भार उजवीकडे. जेवायला बसलात तरी तसंच."

"आणि कुणी बोललं नाही? दिवसभर मी जगाच्या नावाने ओरडते, सरळ बस, सरळ बस! आणि तुम्ही इथे बसून माझ्या खांद्यात कापूस भरताय? लाज कशी नाही वाटली तुम्हाला?"

टेलरकाका टेबलावरचा कापूस गोळा करायला लागले. "पहिला कोट शिवला तेव्हा डावीकडे चुणी पडली," ते म्हणाले. "मला वाटलं, कोट चुकला. म्हणून कोट दुरुस्त केला. पुढे दरवेळी कोटच दुरुस्त करत गेलो. तू चुकली असशील असं कधी मनातच आलं नाही गं."

बाईंना राग आला होता, रडूही आलं होतं, आणि त्यात मध्येच न्यायाधीशांचा चेहरा आठवून हसू फुटलं. "मी त्या बिचाऱ्यांना पोतं म्हटलं हो!" असं म्हणत त्या इस्त्रीच्या स्टुलावर बसल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या. नणंदेनेही सूर मिळवला. हसता हसता बाई एकदम थांबल्या.

"थांबा. ती दोरीवर नीट जाते. डॉक्टरीण बसली तरी नीट जाते. मी बसले की मात्र उजवा पाय." त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी लगामाने म्हणत होते डावीकडे आणि बसत होते उजवीकडे. वकीलीण वाद घालत नव्हती! तिथे एकटी तीच माझं ऐकत होती!"

मग बाकीचे घोडे इतकी वर्षं काय करत होते? दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेतला सगळ्यात म्हातारा घोडा बाहेर काढला, त्याला सगळे आजोबा म्हणायचे. डावीकडे वळवून बाई मुद्दामच उजव्या अंगावर झुकल्या आणि त्याला उलटीसुलटी खूण केली. आजोबांनी एक सुस्कारा सोडला आणि डाव्या पायावर निघाले. आणखी वाकडं बसून पाहिलं, तरी डाव्याच पायावर. म्हणजे हे म्हातारे बाईंचं ऐकत नव्हतेच कधी. बाईंना सांभाळून घेत होते.

"तूसुद्धा?" बाईंनी मोतद्दाराकडे पाहिलं.

मोतद्दाराने पायाने माती उकरली. "तुम्ही उतरलात की खोगीर उजवीकडे सरकलेलं असायचं, बाई. मी आपला सरळ करून ठेवायचो."

त्या दिवशी बाईंनी कुणावरही ओरडायचं नाही असं ठरवलं. ते दुपारपर्यंत टिकलं.

मग सुरू झाली बाईंची शाळा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या आरशासमोर स्टुलावर बसायच्या, टेलरकाका दोन्ही खांद्यांवर टेप ताणून धरायचे आणि नणंद "आणखी, वहिनी, आणखी" म्हणत बसायची. सरळ बसलं की बाईंना वाटायचं आपण डावीकडे कोसळतोय. आरसा म्हणायचा, नाही, आत्ता कुठे मधे आलात. डाव्या कुशीत कळ यायची. "हे सरळ बसणं भलतंच अवघड आहे हो," त्या म्हणाल्या, "उगाच लोकांना इतकं ओरडले."

पण रिंगणात आरसा कुठला? म्हणून टेलरकाकांनी सकाळचं दुकान बंद ठेवलं आणि गळ्यात टेप तसाच अडकवून ते कुंपणापाशी उभे राहायला लागले. बायको कलंडली की ओरडायचं, एवढंच काम. पण ज्या माणसाचा आवाज आयुष्यात दुकानाचा उंबरा ओलांडून गेला नाही तो ओरडणार कसा? "जरा... डावीकडे... बघ हं," असं ते पुटपुटायचे. तोवर बाई रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला.

"अहो, मला ऐकू येत नाही! ओरडा!"

ते टेप हलवायचे. वकीलीण टेपाला बिचकायची. तरीही चार दिवस बरे गेले की एखाद्या वेळी डावा पाय पुढे पडायचा, आणि बाई तिच्या मानेला मिठी मारायच्या. पण कधी जमायचं, कधी नाही. मन दुसरीकडे गेलं की बाईंचं अंग आपसूक जुन्या जागी जाऊन बसायचं.

रविवार उजाडला. मालक आले, बग्गीवाला आला; येताना घोडी न्यायला दोर घेऊनच आला. शिकणारी सगळी मंडळी कुंपणाला टेकून उभी होती. बाईंनी कोट घातला नव्हता. साध्या सदऱ्यात त्यांचा डावा खांदा आज सगळ्यांना दिसत होता, आणि कुणी हसलं नाही.

पहिल्याच डाव्या वळणावर बाईंनी कँटर मागितला आणि वकीलीण उजव्या पायावर निघाली. कोपऱ्यात दोघी अडखळल्या. बाईंनी तिला आवरलं आणि पुन्हा दुडकीवर आणलं. मालकांनी मान खाली घातली. बग्गीवाल्याने खांद्यावरचा दोर हातात घेतला. तो दोर बाईंना दिसला. पुढचं वळण जवळ येत होतं, आणि भीतीने त्यांचं अंग पुन्हा उजवीकडे गोळा व्हायला लागलं.

"अगं ए! सरळ बस!"

रिंगणात असा आवाज कुणी ऐकला नव्हता. आजोबांनी तबेल्यातून मान बाहेर काढली. टेलरकाका कुंपणाच्या खालच्या बांबूवर चढून, दोन्ही हात तोंडापाशी धरून, मानेच्या शिरा फुगवून ओरडत होते. "डावीकडे बस! सोड ती भीती! सरळ बस, सरळ!"

बाईंची पाठ आपोआप लांब झाली. डाव्या कुशीत कळ उठली, ती त्यांनी उठू दिली. डावीकडे भार आला, उजवी टाच जराशी मागे गेली, आणि वकिलिणीने एक कान मागे वळवून ऐकलं. मग तिने डावा पाय पुढे टाकला. कोपरा आला आणि लोण्यासारखा मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मंडळी टाळ्या वाजवायला लागली, डॉक्टरणीने आयुष्यात पहिल्यांदा घोड्यांच्या आसपास मोठ्ठा आ केला, आणि मालक आनंदाच्या भरात चक्क कुंपणाच्या आत आले. बग्गीवाल्याने दोर गुंडाळून परत खांद्यावर टाकला.

सगळं संपलं होतं, पण टेलरकाका काही थांबेनात. बाई साध्या चालीवर आल्या, थांबल्या, तरी ते "सरळ बस! सरळ बस!" म्हणून ओरडतच होते. शेवटी न्यायाधीशांनी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं आणि प्यायला पाणी दिलं.

बाई उतरल्या आणि घोडी घेऊन कुंपणापाशी आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

"अहो, एवढा आवाज होता तुमच्यापाशी? इतकी वर्षं ठेवला होता कुठे?"

टेलरकाकांनी गळ्यातला टेप सारखा केला आणि कुंपणावरून हात पुढे करून बायकोच्या डाव्या खांद्यावर थोपटलं.

"इथेच," ते म्हणाले. आवाज पार बसला होता त्यांचा.